जनुकाची साक्ष चौथ्या पेरणीलाही हवी

जनुकीय परिवर्तित पिकांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन छावण्या तत्काळ समोरासमोर उभ्या राहतात. एका छावणीला प्रत्येक नव्या वाणात परकीय कंपन्यांचे कारस्थान दिसते; दुसरीला प्रत्येक शंकेत केवळ अंधश्रद्धा दिसते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्यावर स्थगिती आली, ऑक्टोबर २०२२ मध्ये धारा मोहरीच्या संकरित वाणाला पर्यावरणीय मान्यता मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये त्याच मोहरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत होऊ शकले नाही. राष्ट्रीय धोरण हवे, एवढ्यावर मात्र दोघेही सहमत होते. या सर्व गदारोळात एक प्रश्न बहुधा कोणीच मोठ्याने विचारत नाही. पिकात घातलेले जनुक पहिल्या वर्षी जसे काम करते तसे ते तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पेरणीलाही करील काय?

हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या पंडितांपुरता आहे असे वरवर वाटेल. वस्तुतः भात आणि गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळा व्यवहार याच एका प्रश्नावर उभा आहे. संकरित कापसाचे बियाणे शेतकरी दरवर्षी नव्याने विकत घेतो. भाताचे तसे नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली किंवा कोकणातला लहान शेतकरी मळणी झाली की चांगल्या लोंब्यांचे धान बाजूला काढतो, उन्हात वाळवतो आणि पुढच्या मृगापर्यंत जपून ठेवतो. सरळ वाणाचे बियाणे एकदा आणले की पुढची काही वर्षे ते घरचेच असते. अशा बियाण्यातले जनुक मध्येच मुके झाले, तर कंपनी किंवा संस्था शेतात नसते. असतो तो फक्त शेतकरी, आणि आपले काय चुकले हे त्याला कळतही नाही.

जनुक मुके होते म्हणजे काय? याची सर्वांत बोलकी कथा भाताची नाही, फुलांची आहे. जर्मनीतील कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या उन्हाळ्यात सुमारे तीस हजार पेटुनियाची रोपे उघड्या शेतात लावली. या रोपांत मक्याचे एक जनुक घातलेले होते आणि त्यामुळे त्यांची फुले विटकरी लाल रंगाची येत. हंगामाच्या आरंभी सारे शेत अपेक्षेप्रमाणे लाल फुलले. पण ऊन तापू लागले, दिवस सरले, तसतशी कितीतरी रोपांची फुले फिकट पडू लागली. जनुक कोठे हरवले नव्हते. ते पेशीत जागच्या जागी होते. परंतु त्याला चालू करणाऱ्या भागावर मिथिल नावाचे रासायनिक लेबल चिकटले होते, आणि असे लेबल लागले की पेशी ते पान वाचतच नाही. ग्रंथालयातील पुस्तक कपाटात असावे पण कपाटाला कुलूप असावे, तशी ही स्थिती. उष्णता आणि प्रकाश यांचाही त्यात वाटा होता, ही गोष्ट उष्ण कटिबंधातील देशाने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वनस्पती असे का वागते, याचे उत्तर पुढच्या दशकात मिळाले. तिच्या दृष्टीने आगंतुक जनुक आणि आक्रमक विषाणू यांत फारसा फरक नसतो. मक्याच्या गुणसूत्रांवर जागा बदलणारी जनुके असतात हे बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषीने अनेक वर्षे आधी दाखवून दिले होते. त्याबद्दल तिला १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अशा भटक्या जनुकांना आणि विषाणूंना आवर घालण्यासाठी वनस्पतीने कोट्यवधी वर्षांत एक पहारेकऱ्यांची व्यवस्था उभी केली आहे. एकाच जनुकाच्या अनेक प्रती दिसल्या, त्या उलटसुलट जोडलेल्या आढळल्या, किंवा एखाद्या जनुकाचा आवाज अतिच मोठा झाला की हे पहारेकरी जागे होतात. आरएनएचे लहान तुकडे तयार होतात, ते त्या जनुकाचा संदेश शोधून कापून टाकतात आणि प्रसंगी मूळ जनुकालाच कुलूप लावतात. यांत वनस्पतीचा दोष कोणता? ती स्वतःचे घर सांभाळत असते.

तृणधान्यांच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र होती. अॅग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू वनस्पतीत जनुक पोचवण्याचे काम सफाईने करतो. परंतु तो निसर्गतः द्विदल वनस्पतींचा, भात-गव्हाचा नव्हे. त्यामुळे प्रथम जनुकांची बंदूक वापरावी लागली. सोन्याच्या किंवा टंगस्टनच्या सूक्ष्म कणांवर जनुक लेपून ते पेशींवर अक्षरशः झाडले जात. जनुक आत जाई, पण कधी एक प्रत, कधी दहा, कधी मोडकीतोडकी, आणि कोठे रुतेल याचा नेम नाही. पहारेकऱ्यांना जागे करण्याची ही हमखास पद्धत! १९९४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अॅग्रोबॅक्टेरियमकडून भातात हेच काम करवून घेतले आणि चित्र पालटू लागले. एक-दोन नीटनेटक्या प्रती मिळवणे सोपे झाले. त्याच काळात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. फुलकोबीच्या विषाणूपासून घेतलेला, द्विदल पिकांत उत्तम चालणारा प्रमोटर, म्हणजे जनुकाचा खटका, तृणधान्यांत तितका जोरकस ठरत नाही. त्याऐवजी भाताच्याच अॅक्टिन जनुकाचा किंवा मक्याच्या युबिक्विटिन जनुकाचा खटका वापरला आणि त्याला जोडून त्याच जनुकातला इंट्रॉन हा तुकडा ठेवला, तर अभिव्यक्ती पुष्कळ वाढते. परक्या जनुकाला घरचा खटका दिला की घर त्याला लवकर आपले म्हणते.

पण खटका चांगला आणि प्रत एकच, एवढ्याने काम भागते काय? याचे उत्तर ज्या भाताने दिले त्याची कथा आपल्याच देशात घडली आहे, आणि ती जितकी चर्चिली जावी तितकी चर्चिली गेली नाही.

स्वित्झर्लंडचे इंगो पोट्रिकुस आणि जर्मनीचे पीटर बायर यांनी २००० मध्ये सोनेरी तांदूळ जगापुढे मांडला. ज्या मुलांच्या ताटात भाताशिवाय फारसे काही नसते, त्यांना अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक असलेले बीटा-कॅरोटीन भातातूनच मिळावे, हा त्यामागचा हेतू. पहिल्या तांदळात ते फारच अल्प होते. २००५ मध्ये डॅफोडिल या फुलझाडाच्या जनुकाऐवजी मक्याचे जनुक वापरले गेले आणि एका ग्रॅम दाण्यात ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत कॅरोटिनॉइड द्रव्ये मिळाली. भारतीय शास्त्रज्ञांनी या नव्या तांदळाचा एक वंश, ज्याला जीआर२-आर१ म्हणतात, तो घेतला आणि प्रतिसंकर पद्धतीने त्याचे जनुक ‘स्वर्णा’ या वाणात आणले. आंध्रातील मारुटेरूचा हा वाण पूर्व भारतात प्रचंड क्षेत्रावर पिकतो. सोनेरी तांदळासाठी निवडलेल्या वाणाचे नावही स्वर्णा असावे, हा एक सुंदर योगायोग.

जनुक आले, दाणा पिवळा झाला, बीटा-कॅरोटीनसारखे पूर्वघटक दर दशलक्ष भागांत वीस भागांपर्यंत पोचले. आणि रोप खुजे राहिले. पाने फिकट हिरवी, लोंबी आखूड, दाणे कमी, उत्पादन मूळ स्वर्णाच्या तुलनेत फारच खाली. हेच बियाणे शेतकऱ्याला दिले असते तर त्याच्या घरातील मुलाचे डोळे कदाचित वाचले असते, पण कणगी रिकामी राहिली असती.

या शास्त्रज्ञांनी अपयश दडपले नाही. त्याचे कारण शोधून २०१७ मध्ये ते प्रसिद्ध केले. आगंतुक जनुक नेमके भाताच्या स्वतःच्या ‘ऑक्स-१’ या जनुकात जाऊन रुतले होते. हे जनुक ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाची ने-आण करणाऱ्या प्रथिनाचे. पाहुणा आला तो घरातल्या कर्त्या माणसाच्याच आसनावर बसला! रोप एका बाजूने स्वर्णाचे आणि एका बाजूने नव्या वंशाचे असते तोवर एक धडधाकट प्रत काम सांभाळून नेऊ शकते; दोन्ही प्रती नव्या झाल्या की उणीव उघडी पडते. त्याखेरीज दुसरे एक व्यंग आढळले. फक्त दाण्यातच चालू व्हावा म्हणून बसवलेला खटका रोपाच्या इतर भागांतही गळत होता. पुढे फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने दुसऱ्या, जीआर२ई या वंशावर भर दिला. फिलिपीन्सने जुलै २०२१ मध्ये त्याला लागवडीची परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती रद्द ठरवली.

या प्रकरणातून दोन्ही छावण्यांनी आपापल्या सोयीचा बोध घेतला. विरोधकांनी म्हटले, पाहा, तंत्रज्ञानच सदोष. समर्थक म्हणाले, एक वंश फसला, दुसरा आहे. दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या आहेत. दोष जनुकात नव्हता, जागेत होता. आणि जागा निवडण्याची सोय त्या काळी नव्हती. आता ती होऊ लागली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये भाताच्या जनुकसंचात अशा ‘सुरक्षित’ जागा शोधल्या की जेथे काही घातले तरी रोपाचे बिघडत नाही, आणि क्रिस्पर तंत्राने कॅरोटीनची जनुके नेमकी तेथे बसवली. दाण्यात ग्रॅममागे ७.९ मायक्रोग्रॅम कॅरोटिनॉइड मिळाले आणि रोपाची वाढ व उत्पादन यांत दृश्य उणीव आली नाही. ३७ च्या मानाने हा आकडा लहान आहे. परंतु ज्या शेतकऱ्याला बियाणे घरी राखायचे आहे त्याच्यासाठी लहान पण भरवशाचा आकडाच मोठा.

जनुक टिकले म्हणजे सर्व काही साधले, असेही नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. इंग्लंडमधील रोथमस्टेड संस्थेने मावा किडीला पळवणारा गंध सोडणारा गहू तयार केला. जनुक स्थिर होते, गहू गंध इमानाने सोडत होता, प्रयोगशाळेत मावा पळतही होता. शेतातल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले तेव्हा मावा साध्या गव्हाइतकाच निघाला. धोक्याची हाक कोणी अष्टौप्रहर देत राहिले तर ती कोण मनावर घेणार? शेतात जी परीक्षा होते ती कुंडीत होत नाही, एवढे यावरून दिसते.

महाराष्ट्राला हा पाठ कापसाने याआधीच शिकवला आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील डॉ. केशव क्रांती व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटी कापसाच्या आठ संकरित वाणांत विषारी प्रथिनाचे प्रमाण मोजले आणि २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ते मांडले. प्रथिन सर्वाधिक पानांत होते. सर्वांत कमी फुलाच्या बीजकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत. अळी पोखरते नेमके तेच. शिवाय पीक जसे वयात येते तसे हे प्रमाण उतरत जाते आणि वाणावाणांत फरक पडतो. त्यात आणखी एक गोष्ट अशी की संकरित रोपात बीटी जनुक एकाच बाजूने आले असेल तर त्याच्या बोंडातील सुमारे चतुर्थांश सरक्यांत ते मुळीच नसते. विदर्भातल्या शेतकऱ्याला बियाणे विकताना पाकिटावर ‘बीटी’ ही दोन अक्षरे छापली होती. ते बीटी किती दिवस, रोपाच्या कोणत्या भागात आणि किती, हे छापलेले नव्हते. गुलाबी बोंडअळीने पुढे जो हाहाकार केला त्याची कारणे अनेक आहेत आणि किडीत आलेली प्रतिकारशक्ती त्यांत प्रमुख आहे. तरीही अभिव्यक्तीचा आलेख शेतकऱ्यासमोर पहिल्या दिवसापासून असता तर फवारणीचे वेळापत्रक त्याने वेगळे आखले असते.

कापसात झाले ते धान्यात होऊ द्यायचे नसेल तर आधार परक्या देशात शोधावा लागणार नाही. भारतीय संसदेने २००१ मध्ये वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. जगातल्या फार थोड्या देशांत असा कायदा आहे. त्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेवीचा आणि ब्रँडच्या नावाविना विकण्याचाही अधिकार दिला आहे. बीज निर्जीव करणाऱ्या तंत्राच्या वाणांना हा कायदा नोंदणीच नाकारतो. याच ३९ व्या कलमाचा दुसरा उपविभाग असा की, नोंदणीकृत वाणाचे बियाणे विकणाऱ्या पैदासकाराने दिलेल्या परिस्थितीत वाणाकडून कोणती कामगिरी अपेक्षित आहे हे शेतकऱ्याला सांगितले पाहिजे. ती न मिळाल्यास शेतकरी भरपाई मागू शकतो. ज्या कायद्याने पुन्हा पेरण्याचा हक्क दिला, त्याच कायद्यातील ‘अपेक्षित कामगिरी’ पहिल्याच पेरणीपुरती मानणे हा विसंवाद आहे. घरच्या बियाण्यातून घातलेले जनुक किती पिढ्या, किती तापमानात आणि कोणत्या जमिनीत तपासले आहे, हे सांगण्याचे बंधन धान्यपिकांच्या प्रत्येक जनुकीय परिवर्तित वाणावर असले पाहिजे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. शेतकऱ्याच्या घरी बियाण्यात भेसळ होते, शेजारच्या शेतातले परागकण येतात, मग पैदासकाराने हमी कशी द्यावी? भात हे बहुतांशी स्वपरागित पीक आहे. परपरागणाचे प्रमाण फार थोडे असते. शिवाय भेसळ आणि मौन यांतला भेद साध्या चाचणीने कळतो. भेसळीच्या दाण्यात जनुकच सापडत नाही. मुक्या दाण्यात ते सापडते पण काम करत नाही. पहिल्याची जबाबदारी शेतकऱ्याची, दुसऱ्याची पैदासकाराची. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतक्या कसोट्या लावल्या तर सरकारी संस्था थकून जातील आणि श्रीमंत कंपन्याच मैदानात उरतील, असे म्हटले जाते. पण चाचण्यांचे देशव्यापी जाळे आपल्याकडे आधीच आहे. अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प १९६५ पासून देशभरच्या केंद्रांवर वाण पारखतो आहे. उंची, फुटवे, दाण्यांची संख्या मोजणाऱ्या त्याच तक्त्यात, धान्य कापणीपूर्वी पाच पिढ्यांच्या पानांची आणि दाण्यांची अभिव्यक्ती मोजणे ही नवी यंत्रणा उभारण्याइतकी खर्चीक बाब नव्हे.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने सांबा मसुरीपासून ‘कमला’ केला, तर दिल्लीच्या कृषी अनुसंधान संस्थेने एमटीयू १०१० पासून ‘पुसा डीएसटी १’. कमलाचे उत्पादन मूळ वाणाहून सुमारे १९ टक्के अधिक आणि पीक सुमारे वीस दिवस आधी तयार होते, असा दावा करण्यात आला. चाचण्यांच्या आकडेवारीवर नंतर काही संघटनांनी आक्षेप घेतले; त्यांना उत्तर द्यायचे तर सर्व केंद्रांचे, सर्व हंगामांचे आकडे खुले करणे हाच सरळ मार्ग आहे. अभिव्यक्तीच्या दृष्टीने मात्र या वाणांची परीक्षा सोपी आहे. त्यांत बाहेरचे जनुक ठेवलेलेच नाही. भाताच्याच एका जनुकाच्या अक्षरांत बदल करून त्याचे काम मंद केले आहे. असा बदल नैसर्गिक उत्परिवर्तनासारखाच पुढच्या पिढ्यांत उतरतो आणि पहारेकऱ्यांना कुलूप लावायला तेथे पाहुणाच नसतो. मार्च २०२२ मध्ये सरकारने अशा वाणांना जुन्या नियमांतून वगळले, त्यामागे हे कारण आहे. पण दाण्यात बीटा-कॅरोटीन आणायचे असो की भातात मुळातच नसलेला दुसरा एखादा गुण, तेथे नवे जनुक घालावेच लागेल आणि स्थैर्याचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहील.

क्रिस्परच्या कात्रीची मुख्य स्वामित्वे परदेशात आहेत, हीदेखील काळजीची बाब. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी टीएनपीबी या आकाराने पुष्कळ लहान प्रथिनावर आधारलेली संपादनाची पद्धत भातात चालवून दाखवली आहे. अशा कामाला निधी देणे हे स्वावलंबनाच्या शंभर भाषणांहून अधिक मोलाचे.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे कै. दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ या भाताच्या शेतात निराळ्या दाण्यांच्या काही लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. असे हंगामामागून हंगाम केले. गुण टिकतो अशी खात्री पटली, मगच ते बियाणे बाहेर गेले आणि ‘एचएमटी’ या नावाने पाच-सहा राज्यांत पोचले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. पिढ्या मोजण्याचा धीर होता. आज बाजारात मिळणाऱ्या प्रमाणित भात बियाण्याच्या थैलीला जी चिठ्ठी शिवलेली असते तिच्यावर वाणाचे नाव, उगवणशक्ती, शुद्धता आणि वैधतेची मुदत छापलेली असते. घरी राखल्यास वाणाचा घातलेला गुण किती पेरण्यांपर्यंत तपासला आहे, यासाठी त्या चिठ्ठीवर अद्याप रकाना नाही.